'संपन्न' झाल्यावर कळून काय उपयोग?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात पान 3 वर सरकारी योजनांच्या महाशिबिराची बातमी वाचली. दोनदा वाचली. एकदा चष्मा लावून आणि दुसऱ्यांदा बोट ठेवून, मोजत. मान्यवरांची नावे 23 भरली. कोणती कागदपत्रे लागत होती, ज्याचे काम अर्धवट राहिले त्याने कोणत्या टेबलावर जायचे, पुढचे शिबिर कोणत्या गावी, यावर एक ओळ नाही. शेवटी मात्र 'नागरिकांनी लाभ घ्यावा, असे आवाहन करण्यात आले'. साहेब, शिबिर परवा संपले, मांडववाला बांबू घेऊन गेला. आता लाभ घ्यायचा कुठून?

तुमच्या पेपरात शिबिरे होतच नाहीत, ती फक्त 'संपन्न' होतात. मी 31 वर्षे एस.टी.त वाहक होतो. गाडी फलाटावरून सुटल्यावर तिचे नाव पुकारणारा कंट्रोलर आमच्या स्टँडवर असता, तर लोकांनी त्याला केबिनमध्ये बसू दिले नसते.

आता हे एवढे मनाला का लागले ते सांगतो. माझी मावशी 76 वर्षांची, विधवा, तापीकाठच्या खेड्यात एकटी राहते. श्रावणबाळ या म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शन योजनेचे महिना दीड हजार तिला मिळतात, त्याला ती 'पगार' म्हणते. गेल्या वर्षी तो थांबला. अखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आठेक दिवस आधी गावातल्या एका पोराने पारावर पेपर वाचून दाखवला की, तालुक्याला सगळ्या योजना एकाच छताखाली. मथळ्यात तारीख नव्हती. बातमी आदल्या दिवशीच संपलेल्या शिबिराची होती, हे पोराच्या लक्षात आले नाही, आणि खरे सांगायचे तर माझ्याही आले नसते. चौथ्या परिच्छेदात, मान्यवरांच्या पोटात कुठेतरी 'नुकतेच' होते. बस्स.

मावशी सकाळच्या पहिल्या गाडीने निघाली. सोबत साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, तीत रेशन कार्ड, आधार, पासबुक, चार फोटो आणि तुमच्या बातमीचे कात्रण. मैदानावर पोहोचली तर दोन पोरे कनाती गुंडाळत होती. फ्लेक्स तेवढा उभा होता, कारण तो मोठा होता. तिने विचारले, "पगारनं टेबल कोठे शे भाऊ?" पोरगा म्हणाला, "माय, ते ते कालच सरी गयं." (ते तर कालच संपले.) मग मला फोन. मी मोटारसायकल घेऊन गेलो, तेव्हा ती गुंडाळलेल्या ताडपत्रीवर डोक्यावर पदर ओढून बसली होती. ऊन तुम्हाला सांगायला नको, आपल्याकडच्या उन्हाच्या बातम्या तुम्ही पहिल्या पानावर छापता आणि वेळेवर छापता. तिने कात्रण माझ्यापुढे धरले. तिला वाचता येत नाही, म्हणून बोट फोटोवर. "आठे ते लिखेल शे ना, बापू?" (इथे तर लिहिलेले आहे ना?)

मी काय सांगणार? लिखेल तर होतेच.

गंमत म्हणजे असे कात्रण मी आधीही पाहिले होते. ऑगस्ट 2022 मध्ये 75 वर्षे पूर्ण झालेल्यांना एस.टी. फुकट झाली. पहिल्याच आठवड्यात एक आजोबा गाडीत चढले. मी आधार मागितले, तर त्यांनी टोपीत घडी घालून ठेवलेले पेपरचे कात्रण काढून दिले. त्यात मंत्र्यांचा फोटो होता. वयाचा पुरावा दाखवावा लागतो, त्यावर शून्य रुपयांचे तिकीट मिळते आणि ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे, यातले काही नव्हते. नियमाने मला मशीनमधून पूर्ण तिकीट काढावे लागले. त्यांनी कात्रण परत टोपीत ठेवले आणि उतरेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. ते तुमच्याच पेपरचे होते की दुसऱ्या कुणाच्या, ते मी पाहिले नाही. संशयाचा फायदा आपल्याला.

मुद्दा असा की आमची म्हातारी माणसे तुमच्या पेपरला कागदपत्र समजतात. तुम्ही मात्र त्याला अल्बम समजता.

मावशीचे पुढे काय झाले ते थोडक्यात. आधार बँकेला जोडलेले नव्हते, ते एका दिवसात झाले. पण उत्पन्नाचा दाखला हवा होता. वर्षाला 21,000 च्या आत उत्पन्न असल्याचा. (21,000 म्हणजे महिन्याला 1,750. यावर कुणाला अग्रलेख लिहावासा वाटत नाही का?) अर्ज केला आणि दोन महिने नुसते 'उद्या या' चालले. एके दिवशी कार्यालयात उभा असताना कपाटामागे एक फलक दिसला. अर्धा. मान वाकडी करून वाचला. दाखल्याची मुदत 15 दिवस, मुदतीत न मिळाल्यास पहिले अपील अमुक अधिकाऱ्याकडे, दुसरे अमुक अधिकाऱ्याकडे. सरकारी कामे ठरल्या मुदतीत मिळण्याचा हा सेवा हक्क कायदा 2015 चा आहे. तिसरे अपील थेट सेवा हक्क आयोगाकडे जाते, आणि ठोस कारण नसताना काम अडवणाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. मी तिथेच बाकावर बसून साध्या कागदावर अपील लिहिले, आवक शाखेत दिले आणि पोच घेतली. चौथ्या दिवशी दाखला हातात. कुणाला चहासुद्धा पाजावा लागला नाही.

आता मला सांगा, दरवर्षी 28 एप्रिलला सेवा हक्क दिन असतो, त्याची बातमी तुम्ही छापता. यंदाही छापली. दीपप्रज्वलन झाले, शपथ झाली, प्रास्ताविक कुणी केले, आभार कुणी मानले, सगळे आले. अपील कुठे करायचे, तेवढे राहिले. कपाटामागचा फलक आणि तुमची बातमी यांत मला तरी फलक बरा वाटला. अर्धा का होईना, कामाचा होता.

बातमीदाराला मी दोष देत नाही. त्याला प्रेसनोट येते, तीत नावे जास्त आणि माहिती कमी असते, आणि एक नाव राहिले तर रात्री फोन त्यालाच येतो. पण जळगावच्या सोन्याचा आणि केळीचा भाव तुम्ही रोज चौकटीत देता ना? त्यात कधी कोण उपस्थित होते ते नसते. तेवढीच दुसरी चौकट करा. येत्या आठवड्यात कोणत्या गावी काय आहे, कोणते कागद आणायचे, किती वाजता. 14567 ही ज्येष्ठांसाठी देशभर चालणारी मोफत हेल्पलाइन आहे. 15100 वर मोफत कायदेशीर मदतीची माहिती मिळते, आणि ती मदत बाईमाणसाला उत्पन्न न बघता मिळते. हे दोन्ही नंबर मला भिंतीवरच्या पोस्टरवरून कळले. घरात पेपर 26 वर्षांपासून येतो.

पत्र लांबले, कल्पना आहे. कापायचेच असेल तर टोपीवाल्या आजोबांचा परिच्छेद कापा, नंबर राहू द्या.

आपला,
एक निवृत्त वाहक
(जि. जळगाव)

ता. क. – त्याच पान 3 वर पीक विम्याच्या बातमीखाली 'उर्वरित पान 5 वर' असे होते. पान 5 वर पूर्ण पानभर एका नेत्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत. त्यांना माझ्याही शुभेच्छा. उर्वरित कुठे आहे?