आधी ब्रेक, मग रंग

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांवर एक पान आलं होतं. फोटो झकास, रंग आरशासारखा, क्रोममध्ये बघणाऱ्याचं तोंड दिसावं असं. पुढच्या आठवड्यात त्यावर एका वाचकाचं पत्र आलं की एक नट जरी बदलला तरी गाडी खरी राहत नाही आणि मॉडिफाय करणारे लोक गाड्यांचा खून करतात. ते वाचल्यापासून डोक्यात भुंगा लागलाय, कारण आमच्या घरात तीन पिढ्यांची एक पिकअप आहे आणि गेली चार वर्षं सुट्टीचे जवळजवळ सगळे दिवस मी आणि माझा दादा तिच्याखाली आडवे आहोत. म्हणजे त्या पत्राच्या हिशोबाने आम्ही दोघं खुनी.

गाडी म्हणजे शेवरोले ३१००, १९५१ सालची. युद्धानंतर १९४७ मध्ये जनरल मोटर्सने ट्रकची जी नवीन लाइन काढली, अ‍ॅडव्हान्स डिझाइन म्हणतात तिला, त्यातली अर्ध्या टनाची. गोल बोनेट, पुढे पाच आडव्या पट्ट्यांची जाळी, समोरची काच मध्ये दांडी असलेली दोन तुकड्यांची, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आणि सेल्फ मारायला पायाशी बटण. आजोबांनी चालवली, मग बाबांनी, मग बाबांचे गुडघे गेले आणि गाडी शेडमध्ये गेली ती बावीस वर्षं. तसं बघाल तर व्हिंटेज हा शब्दही तिला लागू नाही, ब्रिटनच्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबच्या हिशोबाने १९१९ ते १९३० मध्ये बनलेलीच गाडी व्हिंटेज, पण तो वाद आत्ता नको, लोक म्हणतात तर म्हणू दे.

पहिली चूक आम्ही पहिल्याच दिवशी केली. दादाने नवीन बॅटरी आणली, टाकीत पेट्रोल ओतलं आणि थेट सेल्फ मारला. टक् असा एकच आवाज आला आणि पुढे काही नाही. इंजिन जाम होतं, पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून चिकटलेल्या. नशीब आमचं की ते फिरलं नाही, फिरलं असतं तर कोरड्या बेअरिंगवर फिरलं असतं. मग प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं पातळ तेल सोडलं आणि दहा-बारा दिवस त्याला हातच लावला नाही. या इंजिनला क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, पुढे पाना लावायला बोल्ट नसतो, पुली नुसती दाबून बसवलेली असते, त्यामुळे फ्लायव्हीलच्या, इंजिनमागच्या जड चाकाच्या, दात्यांना पट्टी लावून मागेपुढे, मागेपुढे असं हळूहळू करावं लागलं. तेराव्या दिवशी दोन दाते सरकलं तेव्हा दादा असा ओरडला की बाबा काठी घेऊन बाहेर आले.

दुसरी चूक माझी. मला वाटत होतं पत्रा चांगला आहे, रंग बरा दिसतो, वरवर घासून मारू. एक लोहचुंबक घेऊन गाडीभोवती फिरले आणि कॅबच्या (ड्रायव्हर बसतो त्या खोक्याच्या) मागच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांना चुंबक चिकटेचना. खरवडलं तर खाली बोटभर जाडीची लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. कधीतरी कोणीतरी गंज न काढता वरून लांबी भरून रंग मारून दिला होता आणि पाण्याची भोकं पण त्यातच बुजवली होती, म्हणजे पाणी आत, बाहेर जायला वाट नाही, पत्रा आतून बाहेर सडत आला. फोटोत हे कधीच दिसत नाही हो. बाहेरून चकाचक दिसणाऱ्या किती गाड्यांच्या पोटात अशी लांबी असेल कोण जाणे.

त्यात भर म्हणजे एका ठिकाणी दरवाजे रेती मारून साफ करायला दिले, त्यांनी प्रेशर एवढं ठेवलं की सपाट पत्र्यावर लाटा उठल्या. त्यानंतर पातळ पत्र्याला आम्ही रेती लावलीच नाही, रेती फक्त चॅसीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला. छोट्या पार्टसाठी धुण्याच्या सोड्याचं पाणी, बॅटरी चार्जर आणि लोखंडाची रद्दी पट्टी असा जुगाड केला, करंटने गंज सुटतो आणि चांगला धातू खाल्ला जात नाही. फक्त त्यात स्टेनलेस स्टीलची पट्टी वापरू नका, त्यातून क्रोमियमचा विषारी प्रकार पाण्यात उतरतो. आणि कॅबचा सडलेला तळ कापायच्या आधी दरवाजाच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून घ्या, नाहीतर तळ निघाला की कॅब फाकते आणि मग जन्मात दरवाजा लागत नाही.

आता मुद्द्याचं, ब्रेक. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि पेडल दाबलं की चाकांकडे तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर एकच, पायाखाली फ्लोअरच्या खाली बसवलेला, तेल भरायला चटई उचलून झाकण काढायचं. एकच सर्किट म्हणजे एका चाकाचा सिलिंडर गळला की पेडल जमिनीला टेकतं आणि चारही चाकं मोकळी. अमेरिकेत प्रवासी गाड्यांना दोन वेगळ्या सर्किटची सक्ती १९६८ साली आली, म्हणजे आमची गाडी तिथवर सतरा वर्षांची झाली होती. ज्यांना एक नटही बदलायचा नाही त्यांनी हे पेडल एकदा उतारावर दाबून बघावं. आम्ही दोन खणांचा मास्टर सिलिंडर जुन्याच जागी बसवला, पुढे डिस्क घातल्या, मागे ड्रम तसेच ठेवले. एक गोष्ट सुरुवातीला कोणी सांगितली नाही म्हणून महिनाभर डोकं आपटलं, मास्टर सिलिंडर चाकांच्या कॅलिपरपेक्षा (डिस्कला चिमटा घेणाऱ्या भागापेक्षा) खाली असल्याने ब्रेक ऑइल हळूहळू परत खाली उतरतं आणि पहिल्या दाबाला पेडल पोकळ लागतं. त्यासाठी पाइपात थोडा दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह लागतो, डिस्कला साधारण २ पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं माप) आणि ड्रमला १० चा. तो बसवला आणि पेडल दगडासारखं झालं. आणि हो, जुने ब्रेक लायनर फुंकून किंवा हवेच्या पाइपने साफ करू नका, त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, त्याची धूळ फुफ्फुसाला घातक, ओल्या फडक्याने पुसा.

पेट्रोलची टाकी कुठे आहे माहितीये? कॅबच्या आत, सीटच्या मागे, पाठीला पाठ लावून. गंमत म्हणजे १९४७-४८ च्या गाड्यांत ती खाली चॅसीला होती, १९४९ पासून कंपनीने आत आणली. आम्ही ती परत खाली नेली, मागे हौद्याखाली. मग यात ओरिजिनल काय धरायचं, १९४८ चं का १९५१ चं? सीटबेल्ट तर नव्हतेच, ते लावताना नुसता बोल्ट मारून चालत नाही, तळाच्या खालून जाड पत्र्याची मोठी प्लेट द्यावी लागते नाहीतर धक्क्यात बोल्ट पत्रा फाडून वर येतो. मागे लाल दिवासुद्धा एकच यायचा, डाव्या बाजूला.

वायरिंगचं मात्र लोक उगाच घाबरवतात. सगळे म्हणत होते ६ व्होल्ट काढा, १२ करा, ६ वर गाडी उठत नाही. उठत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा केबल. तेवढ्याच वॅटला ६ व्होल्टवर करंट दुप्पट लागतो, म्हणून केबल जाड हवी, आणि लोक आजकालच्या गाडीची बारीक केबल लावून ६ व्होल्टला शिव्या देतात. आम्ही अंगठ्याएवढी केबल टाकली, अर्थिंगच्या जागा घासून चकचकीत केल्या, एका दमात उठायला लागली. नंतर इंडिकेटर आणि बाकीच्या सोयींसाठी शेवटी १२ केलंच, त्यात सगळे बल्ब, कॉइल बदलली, पेट्रोलच्या काट्याला व्होल्टेज कमी करणारा तुकडा लावला, सेल्फ जुनाच आहे आणि मजेत चालतो, फक्त घरंघरं करत फार वेळ दाबून धरायचा नाही. कोणी मात्र १९५१ च्या फोर्ड पिकअपवर काम करत असेल तर सांभाळून, तिच्यात बॉडीला बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक असतं, शेवरोलेत निगेटिव्ह.

खरं भांडण झालं इंजिनवरून. दादाला व्ही-८ घालायचं होतं, आठ सिलिंडरचं, नवीन, चॅसीचा पुढचा भाग कापून नवीन सस्पेन्शनसकट. मी म्हटलं कापायचं नाही. आठ दिवस बोलणं बंद. त्याचंही खोटं नव्हतं म्हणा, जुनं २१६ क्युबिक इंचाचं इंजिन, साडेतीन लिटर, त्यात कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगला प्रेशरने ऑइल जात नाही, रॉडच्या टोकाला चमच्यासारखं असतं ते खाली तेलात बुडून तेल उडवतं आणि बेअरिंग म्हणजे ओतलेला मऊ धातू. सावकाश चालवा, वर्षानुवर्षं चालेल. ताशी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरच्या पुढे तासभर दामटवा, खडखड सुरू. मीटरवर ८० मैलापर्यंत आकडे आहेत ते शोभेला. शेवटी तोडगा काढला बाबांनी, झोपाळ्यावर बसल्या बसल्या. म्हणाले, याच कंपनीचं २३५ घाला की, १९५४ पासूनच्या २३५ ला पूर्ण प्रेशरचं ऑइल आहे आणि सुटी बेअरिंग आहेत. दिसायला तसंच, सहा सिलिंडरच, पुढे वॉटर पंपापाशी थोडी जुळवाजुळव लागते बाकी बसतं. ते बसवलं. जुनं इंजिन ग्रीस लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून शेडमध्ये स्टँडवर ठेवलंय, उद्या कोणाला परत घालायचं झालं तर एका शनिवार-रविवारचं काम आहे. बरं शनिवार-रविवार नाही, या गाडीत प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा, बंद नळीत असतो आणि गिअरबॉक्स काढायचा तर मागचा अ‍ॅक्सल सोडून मागे सरकवावा लागतो, म्हणजे चार दिवस धरा.

यावरून आमच्या घरात एक नियम पडला, जे उद्या परत जागेवर नेता येईल ते खुशाल बदला, ज्याला गॅसकटर लावावा लागतो त्याआधी तिघांनी हो म्हटलं पाहिजे. छप्पर कापून बुटकं करणं, सगळी बॉडी दुसऱ्याच गाडीच्या चॅसीवर चढवणं हे आमच्या यादीत नाही. दुसऱ्यांनी केलं तर मी खून वगैरे म्हणणार नाही, गाडी त्यांची. एक मात्र सगळ्यांनाच सांगते, ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावर नंबरची छोटी प्लेट असते, रंगाच्या वेळी ती काढतात आणि हरवतात, हरवली की गाडीला नाव-गाव राहत नाही.

आणि त्या पत्रलेखकांना मला विचारायचंय की ओरिजिनल म्हणजे कोणत्या दिवशीचं? कारखान्यातून निघाली त्या दिवशीचं धरलं तर आजोबांनी केलेलं सगळं काढून टाकावं लागेल. त्यांनी उजवीकडे दुसरा लाल दिवा लावला, तो मुळात दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा आहे, डावीकडच्याशी जुळत नाही. हौद्याला लाकडी फळ्यांची उंची वाढवली. मागच्या फाळक्याला एक कडी बदलली ती त्यांनी स्वतः भट्टीत वळवून केलीये, ओबडधोबड आहे. ग्लोव्हबॉक्सच्या झाकणाच्या आत खिळ्याने ऑइल बदलल्याच्या तारखा कोरल्यात, आधी त्यांच्या अक्षरात, मग बाबांच्या. रंगवणारा म्हणाला हे घासून सपाट करून देतो, ओरखडे फार आहेत. मी झाकणच काढून घरी घेऊन आले. तेवढं एक झाकण सध्या जुन्याच हिरव्या रंगाचं आहे, बाकी गाडी अजून प्रायमरवर, करड्या रंगाची, रंग यायला अजून वर्ष तरी जाईल. बाबा रोज विचारतात रंग कधी, आणि रोज पेडल दाबून बघून परत झोपाळ्यावर जाऊन बसतात.

संपादक साहेब, एकच विनंती, पुरवणीत पुढच्या वेळी जुनी गाडी छापाल तेव्हा एक फोटो खालून काढलेला पण छापा. ब्रेकचे पाइप दिसतील असा.

आपली,
एक वाचक