चिरंजीवांच्या सैन्य अधिकारी होण्याविषयी

छत्रपती संभाजीनगर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. चिरंजीवांना सैन्यात अधिकारी व्हायचे आहे हे वाचून फार आनंद झाला. परंतु ‘ती वाट साहेबांच्या मुलांची, औशाच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराची नव्हे’ हे तुझे वाक्य मनाला लागले, म्हणून सविस्तर लिहितो.

देहरादूनची भारतीय सैन्य अकादमी १९३२ साली सुरू झाली. त्याआधी आपल्या तरुणांना अधिकारपदासाठी इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या मोजक्या जागांकडे डोळे लावून बसावे लागत असे. पहिल्या तुकडीत ४० कॅडेट होते आणि त्यांतच पुढे फील्ड मार्शल झालेले सॅम माणेकशा होते. उद्घाटनाच्या भाषणात तेव्हाचे सरसेनापती फिलिप चेटवूड यांनी अधिकाऱ्याला क्रम घालून दिला: आधी देशाची सुरक्षितता आणि सन्मान, मग हाताखालच्या जवानांचे हित, आणि स्वतःचे सुख नेहमी सर्वांत शेवटी. दुष्काळात आधी जनावरांना पाणी दाखवून मग स्वतः घोटभर पिणारी माणसे आपण दोघांनी पाहिली आहेत. अशा घरातल्या मुलाला हा क्रम परका वाटेल असे मला मुळीच वाटत नाही. अकादमीतल्या कॅडेटांच्या एका तुकडीचे, म्हणजे कंपनीचे, नावही सिंहगड आहे.

आता वाट सांगतो. सैन्यात महाराष्ट्राचे अधिकारी वाढावेत म्हणून राज्य शासनाने १९७७ साली इथेच, छत्रपती संभाजीनगरात, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. दहावीच्या वर्षी लेखी परीक्षा आणि मुलाखत होऊन तिथे प्रवेश मिळतो, आणि अकरावी-बारावीबरोबर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीए) प्रवेश परीक्षेची तयारी होते. त्या परीक्षेत गणिताला ३०० आणि सामान्य क्षमतेला ६०० गुण असतात. निवड झाल्यास प्रबोधिनीत, पुण्याजवळ खडकवासल्याला तीन वर्षे आणि देहरादूनच्या अकादमीत एक वर्ष. प्रशिक्षणाचा खर्च सरकार करते.

गणिताची मला काळजी नाही. खरी कसोटी लेखी परीक्षेनंतरच्या एसएसबीची, म्हणजे सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीची आहे, कारण पाच दिवस चालणाऱ्या त्या निवडीत मुलगा विचार कसा करतो, गटातल्या इतरांना बरोबर घेतो की एकटाच पुढे धावतो, हे बारकाईने पाहिले जाते आणि तिथे पाठ केलेली उत्तरे टिकत नाहीत. म्हणून आतापासूनच त्याला घरच्या निर्णयांत बोलू दे, रोज वर्तमानपत्र वाचायला लाव, आणि प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत असल्याने इंग्रजी वाचनाची सवय मोडू देऊ नकोस. धाकटीलाही हे सारे ऐकव. २०२२ पासून प्रबोधिनीत मुलींनाही प्रवेश आहे.

दिवाळीच्या सुट्टीत त्याला माझ्याकडे पाठव. संस्था दाखवीन, आणि अर्जाची जाहिरात निघताच तुला कळवीन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेही