भारुडाच्या कॅसेटवर नाव नव्हतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘झेरॉक्सवाल्यांना आवरा’ हे आपल्या अंकातलं वाचकपत्र मी दुकानातच वाचलं. मशीन चालू होतं, समोर क्लासची चार पोरं उभी होती, त्यांनीही वाचलं आणि माझ्याकडं बघून हसली. दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या, नोट्सच्या कॉप्या काढून विकता म्हणून पत्रलेखकानं आम्हाला सरळ चोर म्हटलंय, आमच्यावर कारवाई मागितलीय. राग आला नाही. लातुरात तीसेक वर्षं कॉप्या करूनच पोट भरलंय, आणि त्यातलं काही चोरीचंच होतं. पण कोणतं होतं आणि कोणतं नाही, ते सांगायचा हक्क माझ्याइतका कुणाला असेल?

आधी पोरांचं. डॉक्टरकीच्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारीला बाहेरगावाहून आलेलं लेकरू मित्राच्या नोट्स घेऊन येतं. ‘काका, पाठपोट काढा, स्पायरल करा, अन् पहिलं पान सोडा, त्याच्यावर शिक्का आहे.’ शिक्का म्हणजे ‘कॉपीराइट’. एकदा त्या नोट्सवाले सर स्वतःच दुकानात आले. नोटीस पाठवतो म्हणाले. मी गठ्ठा उघडून मूत्रपिंडाची आकृती दाखवली. नोट्समध्ये धडे एकूण सात, आणि आकृतीखाली छापलेलं ‘आकृती 19.1’, म्हणजे कुठल्यातरी पुस्तकाच्या एकोणिसाव्या धड्यातली. सर म्हणाले, ‘ते सगळेच घेतात.’ मग नोटिशीचा विषय निघाला नाही.

1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 52 आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी, संशोधनासाठी रास्त प्रमाणात उतरवून घेणं, शिकवताना शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं प्रत काढणं, याला त्यात मोकळीक आहे. दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्स दुकानावर 2012 साली तीन मोठ्या परदेशी प्रकाशकांनी दावा लावला होता. पुस्तकांतली नेमलेली प्रकरणं एकत्र बांधून दुकानदार पोरांना देत होता. 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं दुकानदाराच्या बाजूनं कौल दिला, आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. ते कात्रण माझ्या काउंटरच्या काचेखाली आहे. आणखी एक गंमत त्याच कलमात आहे. लग्नाच्या वरातीत सिनेमाचं गाणं वाजवलं तर तो भंग नाही, असं चक्क लिहिलंय! आमच्या गल्लीतल्या बँडवाल्याला हे वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, ‘म्हणजे आजवर गुन्हा होता का काय?’

लोकांचं हे असंच आहे. कायदा मोडतोय असं कुणाला वाटतच नाही, कारण तो आपल्याला लागू आहे हेच मुळात वाटत नाही. बाजारात मिळणारं सातशेचं गाइड अडीचशेत अख्खं काढून द्या म्हणतात. त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे म्हटलं, तर वाटतं मी भाव वाढवायला सांगतोय. आता मी ते काढत नाही. पोरगं शेजारच्या दुकानात जातं. तेही लिहून ठेवतो, उगीच साव दिसायला नको.

आता माझं. 1989 ला गंजगोलाईच्या एका बोळात माझं कॅसेटचं दुकान होतं. डबल डेक, बाहेर पाटी ‘गाणी भरून मिळतील’. लोक वहीच्या पानावर यादी आणायचे, मी साठ मिनिटांत बसवायचो, शेवटचं गाणं अर्ध्यात तुटलं की शिव्या खायचो. भारुडाची एक कॅसेट फार खपायची. औसा तालुक्यातल्या एका माणसानं गायलेली, कुठल्याशा छोट्या कंपनीनं काढलेली, नंतर मिळेनाशी झालेली. मी एकावरून शंभर तरी केल्या असतील. चिठ्ठीवर निळ्या स्केचपेननं लिहायचो, ‘भारुडं – झकास’.

एका बाजाराच्या दिवशी धोतर-पटक्यातला एक म्हातारा आला. हीच कॅसेट मागितली. वीस रुपये काढून काउंटरवर ठेवले, चष्मा पुसला, कॅसेट उलटीपालटी करून बघितली. मग म्हणाला, ‘ह्यो आवाज माजा हाय.’ मला घाम फुटला. पैसे परत करायला लागलो. त्यानं माझा हात सारला. ‘पैशाचं राहू दे बाप्पा. नाव तरी टाकायचं होतंस की. झकास काय, झकास कुनाचं नाव हाय?’ स्केचपेन मागून घेऊन त्यानं स्वतःच्या कॅसेटवर स्वतःचं नाव लिहिलं, एकेक अक्षर सुटं, आणि गेला.

पैठणच्या नाथ महाराजांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण नकला होता होता पाठ बिघडले होते. शेवटी त्यांनी बजावलं काय? यात जो आपली ओवी घुसडील, त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली म्हणून समजा. नक्कल करू नका, असं नाही म्हणाले. पोथी उतरवून देणं आपल्याकडं पुण्याचंच काम. ज्याचं आहे त्याचं राहू द्या, एवढंच. आपल्या कायद्याचं कलम 57 पुष्कळसं हेच सांगतं. लेखकानं सगळे हक्क विकून टाकले, तरी ‘हे माझं आहे’ म्हणायचा आणि मोडतोडीला हरकत घ्यायचा हक्क त्याच्याकडंच राहतो. झेरॉक्सवर कारवाई मागणारे या कलमाबद्दल बोलताना मी तरी ऐकले नाहीत. व्हॉट्सअॅपवर कवीचं नाव खोडून खाली स्वतःचं टाकणारे बहुतेक मास्तर-प्राध्यापकच असतात, म्हणून असेल.

आणि संपादक महाराज, रागावू नका, आपल्याच रविवारच्या पुरवणीत दोन आठवड्यांपूर्वी दुष्काळावरची एक कविता आली. खाली छापलं होतं, ‘सौजन्य : सोशल मीडिया’. ती कविता आमच्याच जिल्ह्यातल्या एका पोराची आहे. त्याच्या पहिल्या वहीचं स्पायरल मी केलंय, तारीख टाकलेली पावती माझ्याकडं आहे. त्याचं नाव आणि फोन नंबर वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडले आहेत. त्याला विचारून येत्या रविवारी नाव छापावं.

आपला,
एक झेरॉक्सवाला, लातूर