घुमटाला वारा नुसता ढकलत नाही, उचलतोही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वादळी वाऱ्यात पत्रे उडाल्याच्या बातम्या दर मे-जूनमध्ये येतात. त्या वाचताना मला आता हलक्या घुमटांची काळजी वाटते. सभामंडपांवर, शाळांच्या गच्च्यांवर आणि किनाऱ्यावरच्या पर्यटकांच्या तंबूंवर फायबरचे, पॉलिकार्बोनेटचे, कापडाचे घुमट सर्रास दिसू लागलेत. ‘गोल आहे, वारा अडत नाही, काही होत नाही’ असं बसवणारे सांगतात. यातलं निम्मंच खरं आहे.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा इथल्या एका सभामंडपावरचा सहा मीटर व्यासाचा पॉलिकार्बोनेटचा घुमट उडाला. दुसऱ्या दिवशी मी शिडी लावून वर गेलो. सांगाड्याची एकही नळी वाकलेली नव्हती. स्क्रूसुद्धा जागच्या जागी होते आणि रुपयाएवढ्या वॉशरखाली शीटचे फाटके तुकडे अडकून राहिले होते. शीट वॉशरमधून वरच्या बाजूला ओढली गेली होती. चाळीस वर्षं बांधकामावर देखरेख केली, पण वाऱ्याचं उचलणं इतकं स्पष्ट कधी पाहिलं नव्हतं.

वाऱ्याकडच्या बाजूला, घुमटाच्या पायथ्याशी, वारा आत दाबतो. पुढे तोच वारा वळणावरून वर चढताना वेग घेतो. वेग वाढला की तिथला हवेचा दाब उतरतो आणि माथा वर खेचला जातो. त्यात मंडपाची वाऱ्याकडची बाजू उघडी असेल तर आत शिरलेली हवा खालून रेटते, म्हणजे वरची ओढ आणि खालचा रेटा एकाच वेळी.

दगड-विटांच्या जड घुमटाला याची फिकीर नसते. विजापूरच्या गोल घुमटाची जाडी सुमारे तीन मीटर आहे, म्हणजे दर चौरस मीटरला काही हजार किलो वजन. गोराईच्या विपश्यना पॅगोडाचा खांबांविना उभा घुमट तर दगडाचा, तोही समुद्राच्या वाऱ्यात. पॉलिकार्बोनेटची शीट मात्र चौरस मीटरला जेमतेम काही किलो. ताशी 120 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण 68 किलो भरतो. सहा मीटरच्या अर्धगोल घुमटावर माझ्या हिशेबानं टनाहून जास्त ओढ येते, आणि ती सगळी स्क्रू नि वॉशरवर. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे लक्षात ठेवावं लागतं.

इमारतींवर येणाऱ्या भारांचं जे भारतीय मानक आहे, त्या आयएस 875 च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा मूळ वेग मुंबईसाठी सेकंदाला 44 मीटर आणि पुण्यासाठी 39 मीटर धरला आहे. वक्र छपरांवरच्या ओढीचे आकडेही त्यात आहेत. पण गावात काम निघतं तेव्हा कोटेशनमध्ये चौरस फुटाचा दर, शीटची जाडी आणि रंग एवढंच असतं. घुमट किती वाऱ्यासाठी धरलाय, वरच्या ओढीला किती बोल्ट लागतात, याची एक ओळही नसते. मी फॅब्रिकेटरला दोष देत नाही. त्याला कुणी विचारलंच नाही.

माझी मागणी साधी आहे. ग्रामपंचायती, नगरपालिका आणि शाळांनी हलक्या घुमटाच्या कामात वाऱ्याचा वेग आणि ओढीचा हिशेब लेखी मागावा, त्यावर अभियंत्याची सही असावी. जे घुमट आधीच उभे आहेत, त्यांचे नट, वॉशर, बेस प्लेट आणि अँकर बोल्ट दरवर्षी पहिल्या पावसाआधी कुणीतरी वर चढून हातानं तपासावेत. खालून बघून गंजलेला बोल्ट कळत नाही. आमचा तो सभामंडप पुन्हा झाकला गेलाय. यंदा वर जाऊन मी वॉशर मोजले, आकार तोच, रुपयाएवढा. मंडळाला पत्र दिलं आहे आणि मोठे वॉशर बसेपर्यंत वादळी वाऱ्याच्या दिवसांत मुलांना त्या मंडपाखाली बसवू नये, अशी विनंती केली आहे.

आपला,
एक निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक, श्रीवर्धन