सहा जणांच्या पॉटमध्ये सापळा कसला?

मा. संपादक,

पत्त्यांवरील आपल्या लेखमालेत टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकाराबद्दल असा सल्ला आहे की मोठा हात आला की शांत राहावे, जितके गडी पॉटमध्ये (मधल्या पैशांच्या ढिगासाठी) येतील तितके बरे. समोर एकच गडी असेल तर हे खपून जाईल. चार-पाच जण आत असताना हा सल्ला घातक आहे, आणि गोव्याच्या कॅसिनोत पहिल्यांदा टेबलावर बसणारा वाचक तो प्रमाण मानेल, म्हणून हे पत्र.

या सल्ल्याचे मूळ तीन पत्तीत असावे. तिथे तीन एक्क्यांचा ट्रेल वाटला गेला की शोपर्यंत तो ट्रेलच राहतो. बारीक चाली देत इतरांना ओढत नेले तरी आपला हात उतरत नाही. होल्डेममध्ये हातात दोनच पाने असतात, टेबलावर अजून पाच उघडायची असतात (आधी तीन म्हणजे फ्लॉप, मग एक टर्न, शेवटी एक रिव्हर) आणि त्यातले प्रत्येक पान समोरच्यांचेही असते. एक्क्यांची जोडी एका कुठल्याही हातापुढे ८५ टक्के वेळा जिंकते, तिघांपुढे ६४ आणि पाच जणांपुढे ४९. लेखक म्हणतील, सहा जणांत ४९ टक्के म्हणजे आपल्या वाट्याच्या जवळजवळ तिप्पट, मग बिघडले कुठे? सगळे पैसे फ्लॉपच्या आधीच पॉटमध्ये गेले तर काहीच बिघडत नाही. एरवी पुढे बोलीच्या तीन फेऱ्या उरतात. त्यात जोडीवाल्याला आपण मागे पडलो का हे कळत नाही, समोरच्याला मात्र आपला फ्लश (एकाच जातीची पाच पाने) लागला की नाही हे पक्के ठाऊक असते.

सुरुवात फ्लॉपआधीच्या रेजपासून, म्हणजे बोली वाढवण्यापासून. ब्लाइंड (दोन गड्यांनी आधीच लावायच्या सक्तीच्या रकमा, स्मॉल आणि बिग) १००-२००, प्रत्येकाकडे २०,००० च्या चिप्स. चौघांनी नुसते २०० टाकले आहेत (हे लिंपर) आणि बटनावर, म्हणजे फ्लॉपनंतर शेवटी बोलायच्या जागी, तुमच्या हातात राजांची जोडी. सवयीने ६०० केलेत आणि स्मॉल ब्लाइंडने पाने टाकली, तर बिग ब्लाइंडला १,७०० च्या पॉटसाठी ४०० भरायचे असतात. जिंकायची १९ टक्के शक्यता (एकूण २,१०० पैकी ४००) असली तरी त्याला परवडते. तो आला की पुढच्याला आणखी स्वस्त. चौथ्या लिंपरसमोर ३,३०० चा पॉट असतो, त्याला ११ टक्केही पुरतात. मग तो सत्ती-पंजी घेऊन आला तर दोष त्याचा नाही. नेहमीचा तिप्पट रेज, अधिक प्रत्येक लिंपरमागे एक बिग ब्लाइंड, असे १,४०० करावेत, टेबल ढिले असेल (गडी कुठल्याही पानांवर येत असतील) तर १,६०० ते १,८००. १,६०० केले की त्याच बिग ब्लाइंडला ३४ टक्के लागतात. एक-दोन जण तरीही येतील, आणि ते यायलाच हवेत.

पाचही आले आणि फ्लॉपवर एक्का पडला तर? राजांची जोडी हातात असताना एका प्रतिस्पर्ध्याकडे एक्का असण्याची शक्यता साडेबारा टक्के आहे. पाच जणांत कुणाकडे तरी तो असण्याची ५२, आणि हीसुद्धा पाने वाटेल तशी धरून. प्रत्यक्षात एक्का सहसा कुणी टाकत नाही, त्यामुळे खरा आकडा याहून मोठा. इथे एकदा बेट आणि त्यावर रेज आला की राजे निमूटपणे टाकावेत. जोडी कितीही देखणी असली तरी ती शेवटी एकच जोडी आहे.

सेटची, म्हणजे हातातल्या जोडीला टेबलावर तिसरे तसेच पान मिळते त्याची, गोष्ट वेगळी, आणि लेखात खरी चूक तिथे झाली आहे. तशाच ६०० च्या दुसऱ्या डावात तुम्ही बिग ब्लाइंडवर आहात, हातात बदाम आणि किलवर अठ्ठी. पॉट ३,७००, गडी सहा. फ्लॉप: चौकट राजा, इस्पिक नव्वी, इस्पिक अठ्ठी. लेखाप्रमाणे इथे गप्प बसायचे. न दिसलेल्या ४७ पानांपैकी ७ पाने तुमचे फुल हाऊस (तीन सारखी आणि दोन सारखी पाने) किंवा चार अठ्ठ्या करतात. उरलेल्यांत तब्बल २८ पाने अशी आहेत की ज्यांनी कुणाचा तरी फ्लश किंवा स्ट्रेट (ओळीने पाच पाने) पुरा होऊ शकतो. फुकट पान दाखवायला याहून वाईट फ्लॉप शोधावा लागेल.

किती लावायचे, यातही गडी मोजावे लागतात. तीन-चतुर्थांश पॉट, म्हणजे २,८०० लावलेत, तर इस्पिकाच्या ड्रॉवाल्याला (फ्लशला एकच पान कमी असलेल्याला) एकट्याने भरायला ३० टक्के लागतात आणि पुढच्या पानावर त्याच्याकडे असतात १९. पण मध्ये दोघांनी आधीच भरले असेल, तर तिसऱ्याला लागतात बरोबर १९. म्हणजे त्याची किंमत तुमच्या बेटने नव्हे, मधल्या दोघांनी ठरवली. पूर्ण पॉट, ३,७०० लावलेत तर तिसऱ्यालाही २० टक्के लागतात. तिघांनी भरले तर पॉट १८,५०० आणि तुमच्याकडे १५,७००. टर्नला निरुपद्रवी पान आले की सरळ ऑल-इन, सगळ्या चिप्स आत. इस्पिक आले तर हात आवरावा, पण घाबरून पाने टाकू नयेत. कुणी ६,००० लावले आणि मध्ये आणखी एकाने भरले, तर तुम्हाला १६ टक्के हवेत आणि रिव्हरला फुल हाऊस किंवा चौकडीची शक्यता २२ टक्के आहे. गर्दीचा फायदा होतो तो असा.

चेक-रेजचा, म्हणजे आधी काही न लावता थांबून समोरच्याच्या बेटवर रेज करण्याचा, मोह इथे अनेकांना होतो. रेज करणारा बटनावर असेल आणि दर वेळी फ्लॉपवर बेट टाकणारा असेल, तर तो चालतो, कारण त्याच्या बेटनंतर लगेच तुमची पाळी येते आणि मधल्या चौघांना दुहेरी रक्कम भरावी लागते. तो सावध असेल तर पाच जणांसमोर तोही चेक करतो, आणि टर्न सगळ्यांना फुकट मिळतो.

ब्लफबद्दल लेखात एक ओळही नाही. अर्ध्या पॉटचा ब्लफ तोट्यात जाऊ नये म्हणून तो तिनांत एकदा तरी चालला पाहिजे. पाच जण समोर असतील तर त्यासाठी प्रत्येकाने ८० टक्के वेळा पाने टाकायला हवीत. इतके ब्लफ कुणी करत नाही, म्हणून गर्दीच्या पॉटमधला रेज बहुतेक वेळा खरा असतो. त्यामुळे हाताची किंमतही नव्याने लावावी लागते. वरच्या दोन जोड्या, लहान फ्लश, स्ट्रेटचे खालचे टोक हे दोघांतले मोठे हात सहा जणांत मधलेच. दश्शीपर्यंतचा फ्लश घेऊन एक बेट भरणे ठीक, पण रिव्हरला एरवी गप्प असणाऱ्याने रेज केला तर त्याच्याकडे गुलाम-राणीपेक्षा लहान इस्पिक असेल अशी आशा करू नये.

लेखमालेच्या पुढच्या भागात प्रत्येक उदाहरणासोबत किती गडी आत आहेत, पॉट किती आणि प्रत्येकापुढे चिप्स किती, एवढे तीन आकडे लेखकाने जरूर द्यावेत. त्यांच्याशिवाय 'मोठा हात' कशाला म्हणायचे हेच ठरवता येत नाही.

एक वाचक, पणजी