बाबा, नाल्याचा रंग आठवतोय

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा एकदम गप्प झाले, ते मला कळलं. "शिकायला पाठवलं आणि पोरगी तिकडं नाला साफ करतीय," एवढं बोलून आईनं फोन ठेवला. मला फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून इथून इंग्लंडमधून लिहितेय. तो नाला नाही, नदी आहे, आणि आमचा एक गट मिळून ती साफ करतो.

आई, आधी तुझी काळजी. मांडीपर्यंत रबरी बूट असतात, जाड हातमोजे असतात. हाताला खरचटलं असेल तर पाणी शिरणार नाही अशी पट्टी लावूनच उतरू देतात. उंदराच्या मुतातून होणारा लेप्टो इथंही आहे. काम झालं की कोपरापर्यंत साबणानं हात धुतल्याशिवाय मी डबा उघडत नाही. डब्यात तू दिलेली शेंगाचटणी असते.

नदीचं नाव टेम. स्टॉकपोर्टला ती दुसऱ्या एका नदीला मिळते आणि तिथून पुढं तिचं नाव मर्सी. वरून पाणी चांगलं दिसतं. पण २०१८ साली मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी तिच्या तळाचा गाळ तपासला, तर एका ठिकाणी चौरस मीटरला ५ लाखांहून जास्त प्लॅस्टिकचे कण निघाले. तोवर जगात कुठंच एवढे सापडले नव्हते. आम्ही काढतो ते डोळ्यांना दिसणारं. टायर, बाजाराच्या ढकलगाड्या, आणि संडासात टाकलेले ओले टिश्यू. मोठा पाऊस झाला की गटारं तुंबून नदीत येतात आणि हे टिश्यू झाडांच्या मुळ्यांना चिंध्यांसारखे लटकून राहतात.

जुलैत मात्र बाकी सगळं सोडून तेरडा उपटायचा. खरंच तेरडा, आई! हिमालयातला. १८३९ साली बागेत लावायला म्हणून इकडं आणला, आता काठच्या काठ व्यापलेत. माणसाहून उंच वाढतो, फुलं गुलाबी. बोंड पिकलं की बोट लागताच फुटतं आणि बी सात-सात मीटर उडतं, म्हणून बी धरायच्या आत काढावा लागतो. मुळं वरवरची, हिसका दिला की येतो. थंडीत तो मरतो, काठ उघडा पडतो आणि माती नदीत जाते. पहिलं रोप धरलं तेव्हा माझा हात थांबला. आजी गौरीला तेरडा मागायची ना! उजनीतली जलपर्णीसुद्धा अशीच बाहेरची, दक्षिण अमेरिकेतली. आणि पुण्याच्या सांडपाण्यावर ती इतकी माजते.

आता बाबांना.

आमच्या गटात सत्तरी ओलांडलेल्या एक बाई आहेत. त्या सांगत होत्या, लहानपणी नदीकडं बघून कळायचं, आज गिरणीत कुठला रंग लागलाय. ऐकलं आणि मी एकदम आपल्या गल्लीत आले. सूत रंगवायच्या डाईंगच्या मागचा नाला, कधी लाल, कधी मोरपंखी. आम्ही पोरं पैज लावायचो. संध्याकाळी तुम्ही सायकलवरून उतरलात की मी आधी तुमची नखं बघायची. नखांत तोच रंग असायचा. मला तो नाला तुमचाच वाटायचा.

बाबा, मी तुम्हाला दोष देत नाही. त्याच रंगावर माझी फी भरली गेली. पाणी कुठं सोडायचं हे तुम्ही ठरवत नव्हतात. ज्यांनी ठरवलं त्यांनी नालाच सोपा मानला, याचा मला राग आहे. इथंही तसंच होतं. मर्सी युरोपातल्या सगळ्यात घाण नद्यांपैकी एक होती. १९८५ साली सरकार, कारखानदार आणि काठावरची माणसं एकत्र आली, २५ वर्षं ते काम चाललं, आणि तिच्यात सॅल्मन मासा परत आला. एवढा वेळ लागतो.

माझ्या प्रकल्पाचा विषय ठरलाय: सूत रंगवल्यावर धुण्यात जाणारा रंग. पुस्तकांत रसायनं आहेत, पण आपल्याकडं लडी किती पाण्यांतून काढतात, कितव्या पाण्याला रंग सुटायचा थांबतो, गडद रंगाला मीठ किती, कढईतलं उरलेलं पाणी परत वापरता येतं का, हे कुठंच नाही. ते तुमच्या हातात आहे. एका वहीत आठवेल तसं लिहा. अक्षराची काळजी नको. आईला सांगून लिहवलंत तरी चालेल.

आई, आषाढीला चंद्रभागेवर जाशील तेव्हा निर्माल्य पिशवीसकट पाण्यात सोडू नकोस, घरी आणून तुळशीला घाल. बाबांना गुडघ्याचं औषध वेळेवर दे.

वहीचे फोटो पाठवायला शेजारच्या दादाला सांगा. मी वाट बघतेय.

तुमची,
ताई