तुझी ड्रॉवरमधली स्टिक फेकू नकोस

प्रिय पश्या,

स.न.वि.वि. वगैरे सोड, थेट मुद्द्यावर येतो. ती अमेरिकेहून आणलेली, टीव्हीला लावून नेटवरचं बघायची स्टिक तू "डब्बा आहे" म्हणून ड्रॉवरमध्ये टाकलीस ना, तशीच एक आमच्या साताऱ्याच्या घरी आली, भाच्याने न्यू जर्सीहून आणली, आणि माझे चार दिवस खाल्ले लेका.

लक्षण असं की शेजारच्या तिन्ही घरांचं वायफाय दिसतंय आणि आपलंच नाव लिस्टमध्ये नाही! मोबाईलवर मात्र तेच वायफाय मस्त फुल. आई दर पाच मिनिटांनी "झालं का रे, सिरियल सुरू होईल". आधी वाटलं पॉवर कमी पडतेय, कारण स्टिक टीव्हीच्याच यूएसबीवर लावलेली, तिथून साधारण अर्धा अँपियरच मिळतो, म्हणून ॲडाप्टर लावला. ढिम्म. कस्टमर केअरवाला म्हणाला "सर, राउटर रिस्टार्ट करा", आणि गंमत म्हणजे केल्यावर चाललं, आई खूश, मी हिरो, दोन दिवसांनी परत गायब. मग मोबाईलचा हॉटस्पॉट दिला तर पटकन जोडली, म्हणजे स्टिक ठणठणीत.

शेवटी फोनवर वायफाय ॲनालायझर (आजूबाजूची वायफाय दाखवणारं ॲप) टाकला तेव्हा ट्यूब पेटली. राउटर ऑटोवर होता, म्हणजे वायफायचा चॅनल (टीव्हीचा नव्हे, सिग्नलची लेन समज) स्वतःच निवडत होता, आणि जाऊन बसलेला चॅनल १३ वर. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झमध्ये (वायफायचा एक पट्टा) १ ते १३ चालतात, पण अमेरिकेत राउटर ११ च्या पुढे जातच नाहीत म्हटलं तरी चालेल, त्यामुळे तिकडच्या बऱ्याच वस्तू १२-१३ कडे ढुंकूनही बघत नाहीत. रिस्टार्टला राउटर चॅनल नव्याने निवडतो, म्हणून ते दोन दिवसांचं नाटक! ५ गिगाहर्ट्झ (वायफायचा दुसरा पट्टा) वापरलं असतं तर हा प्रश्नच नव्हता, पण राउटर माजघरात आणि मधे आजोबांच्या काळातली दीड हात जाडीची दगडी भिंत, ५ तिथेच दम टाकतं.

तर तू एवढंच कर, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाक (नाही उघडलं तर पत्ता आणि पासवर्ड राउटरच्या बुडाशी स्टिकरवर असतो), वायरलेसमध्ये २.४ चा चॅनल ऑटोवरून काढून १, ६ किंवा ११ कर, शेजाऱ्यांची गर्दी कमी असेल तो घे. मी ६ ठेवलाय, तीन आठवडे झाले, हूं की चूं नाही.

फक्त सेव्ह केल्यावर घरातलं सगळं वायफाय थोडा वेळ जातं, वहिनींची मीटिंग चालू असताना करू नकोस, मी आईची सिरियल चालू असताना केलं होतं.

तुझा,
बंड्या